विश्लेषण : जमिनीखाली काय दडले आहे, हे आधी पाहण्याची सक्ती कायदा करतो का?

संरक्षित स्मारकापासून शंभर मीटरच्या आत नवे बांधकाम करता येत नाही. मात्र एखादा अख्खा माळ खणून काढण्यापूर्वी तिथे पुरातन अवशेष आहेत का, हे तपासण्याचे बंधन आपल्याकडे कुणावरच नाही. दुसरीकडे, न्यायालयीन वादांत पुरातत्त्व सर्वेक्षणाचे आदेश निघतात आणि त्यावरून देशभर वातावरण तापते. सर्वेक्षणाची सक्ती कोण, कुणावर आणि कुठपर्यंत करू शकतो?

बारसूच्या सड्यावरून कोणता प्रश्न पुढे आला?

एप्रिल २०२३ च्या अखेरीस रत्नागिरी जिल्ह्यातील राजापूर तालुक्यात, बारसूच्या सड्यावर प्रस्तावित तेलशुद्धीकरण प्रकल्पासाठी मातीपरीक्षण सुरू झाले. ग्रामस्थ सड्यावर ठाण मांडून बसले, मोठा पोलीस बंदोबस्त आला, संघर्ष झाला. चर्चा झाली ती प्रामुख्याने रोजगार, प्रदूषण, आंबा-काजूच्या बागा आणि मासेमारीची. त्या गदारोळात आणखी एक मुद्दा होता, तो म्हणजे सड्यावरच्या कातळशिल्पांचा.

जांभ्या दगडाच्या सपाट पठारांवर कोरलेली ही चित्रे कोकणात शेकड्यांनी आहेत. बारसूला दोन वाघांच्या मधोमध उभी असलेली मानवाकृती आहे. कशेळीच्या सड्यावर सुमारे १८ मीटर लांब आणि १३ मीटर रुंद हत्ती कोरलेला असून त्याच्या पोटात इतर प्राण्यांच्या आकृत्या आहेत. २०२२ मध्ये ‘कोकणातील कातळशिल्पे’ या नावाने नऊ ठिकाणे युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत गेली. त्यांत रत्नागिरीतील कशेळी, रुंढ्ये तळी, देवीहसोळ, बारसू, देवाचे गोठणे, जांभरुण आणि उक्षी, सिंधुदुर्गातील कुडोपी आणि गोव्यातील फणसायमाळ यांचा समावेश आहे.

म्हणजे ज्या सड्यावर यंत्रे आली, तो सडा आधीच जगाच्या तात्पुरत्या यादीत होता. तरीही यंत्र लावण्यापूर्वी सडाभर पुरातत्त्वीय पाहणी करा, असे सांगणारे कोणतेही सर्वसाधारण कलम भारतीय कायद्यात नाही. सरकार स्वेच्छेने शिल्पांची जागा वगळू शकते, पाहणीही करू शकते, पण तो शासनाचा निर्णय झाला, कायद्याची आज्ञा नव्हे. तात्पुरत्या यादीत नाव येणे हेही कायदेशीर संरक्षण नाही. पुढे नामांकन पाठवण्याचा देशाचा इरादा आहे, एवढाच त्याचा अर्थ.

मग कायदा नेमके काय विचारतो?

देशातील मुख्य कायदा आहे प्राचीन स्मारके व पुरातत्त्वीय स्थळे आणि अवशेष अधिनियम, १९५८. महाराष्ट्राचा स्वतःचा कायदा १९६० चा आहे आणि त्याची बांधणी बरीचशी केंद्रीय कायद्यासारखीच आहे. केंद्रीय कायद्याने संरक्षण देण्याचा रस्ता एकच ठेवला आहे. केंद्र सरकारने राजपत्रात दोन महिन्यांची पूर्वसूचना काढायची, हरकती मागवायच्या, त्यांचा विचार करायचा आणि मग ते स्थळ राष्ट्रीय महत्त्वाचे म्हणून जाहीर करायचे. अशी सुमारे ३,७०० स्मारके आणि स्थळे देशात आहेत.

एकदा नाव यादीत आले की कायदा कडक होतो. २०१० च्या दुरुस्तीने संरक्षित हद्दीपासून १०० मीटरपर्यंतचा पट्टा ‘प्रतिषिद्ध’ आणि त्यापुढचा २०० मीटरचा पट्टा ‘विनियमित’ ठरवला. पहिल्या पट्ट्यात नवे बांधकाम नाही, फक्त दुरुस्ती, तीही परवानगीने. दुसऱ्या पट्ट्यात परवानगीशिवाय बांधकाम नाही. नियम मोडल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. ही अंतरे १९९२ च्या अधिसूचनेपासून होती, पण मधल्या काळात खास समिती नेमून परवानग्या दिल्या जात होत्या. त्या बेकायदा असल्याचे दिल्ली उच्च न्यायालयाने २००९ मध्ये ठरवले आणि संसदेने अंतरे थेट कायद्यातच घातली.

हा नियम किती चावतो, हे पुणेकरांना सांगायला नको. आगाखान पॅलेस केंद्र संरक्षित स्मारक असल्यामुळे नगर रस्त्यावरून जाणारी मेट्रोची मार्गिका कल्याणीनगरच्या बाजूने वळवावी लागली. याच मेट्रोच्या कामात मार्च २०१९ मध्ये स्वारगेटला खोदताना जमिनीखाली एक बांधीव भुयार लागले, ते मात्र कुणाच्या यादीत नव्हते. आगाखान पॅलेसच्या वेळी कायद्याने आधी थांबवले. स्वारगेटला यंत्राचे पाते आधी पोहोचले आणि अभ्यासक नंतर. एकाच शहरातली, एकाच प्रकल्पातली ही दोन उदाहरणे सगळा कायदा समजावून सांगतात. ही जागा यादीत आहे का, एवढेच तो विचारतो. जागेखाली काय आहे, हे तो विचारत नाही.

पण ‘स्थळ’ या शब्दाची व्याख्या तर रुंद आहे?

आहे, आणि गंमत इथेच आहे. किमान शंभर वर्षांपूर्वीचे ऐतिहासिक किंवा पुरातत्त्वीय महत्त्वाचे अवशेष जिथे आहेत, ‘किंवा असल्याचे वाजवीपणे मानले जाते’, असे कोणतेही क्षेत्र १९५८ च्या कायद्यानुसार पुरातत्त्वीय स्थळ ठरते. या व्याख्येत कोकणचा निम्मा सडा बसेल, तेर आणि पैठणच्या आसपासची पांढरी बसेल, गोदावरी-भीमेच्या काठची कितीतरी शेते बसतील. पण व्याख्येत बसणे आणि संरक्षण मिळणे यांत राजपत्राची भिंत उभी आहे. बांधकामबंदी, दंड, परवानगी हे सगळे ‘संरक्षित’ हा शब्द लागल्यानंतर सुरू होते.

असंरक्षित जमिनीसाठी कायद्यात एक महत्त्वाचे कलम आहे, ते म्हणजे कलम २२. असंरक्षित क्षेत्रात महत्त्वाचे अवशेष आहेत असे मानण्यास पुरातत्त्व अधिकाऱ्याकडे ‘कारण’ असेल, तर जिल्हाधिकारी आणि जमीनमालक यांना लेखी सूचना देऊन तो त्या जमिनीत प्रवेश करू शकतो आणि उत्खननही करू शकतो. हा अधिकारी केंद्रीय पुरातत्त्व खात्यातील सहायक अधीक्षकाच्या दर्जापेक्षा खालचा नसावा लागतो. मालकाच्या संमतीची अट इथे नाही. कागदावर पाहिले तर हा मोठाच अधिकार आहे.

मात्र त्याच्या मर्यादाही तेवढ्याच ठळक आहेत. पहिली म्हणजे कलमात ‘करू शकतो’ असे आहे, ‘केलेच पाहिजे’ असे नाही. एखाद्या गावाने मागणी केली किंवा एखाद्या संशोधकाने छायाचित्रे पाठवली म्हणून अधिकारी उत्खननाला बांधील होत नाही. दुसरी मर्यादा ‘कारण’ या शब्दाची. नुसता संशय, आख्यायिका किंवा ‘इथे असेलच काहीतरी’ एवढे पुरत नाही. पृष्ठभागावर सापडलेली खापरे, जुन्या नोंदी, कोरीव काम असा काही आधार लागतो. म्हणजे कारण मिळण्यासाठी आधी कुणीतरी जमीन पाहिलेली असली पाहिजे, आणि ती पाहण्याचे काम कायद्याने कुणालाच नेमून दिलेले नाही. केंद्रीय पुरातत्त्व खात्याचे गावोगावचे सर्वेक्षण अनेक दशके चालू आहे, पण तो खात्याचा कार्यक्रम आहे, बांधकाम परवानगीशी त्याची सांगड नाही.

तिसरी मर्यादा सर्वांत महत्त्वाची. हे कलम अधिकाऱ्याला अधिकार देते, मालकावर किंवा प्रकल्पचालकावर जबाबदारी टाकत नाही. ‘तुमच्या खर्चाने सर्वेक्षण करून आणा, मग परवानगी देतो’ असे म्हणण्याचा आधार त्यातून मिळत नाही. संरक्षित स्मारकाच्या विनियमित पट्ट्यात मोठा प्रकल्प येत असेल, तर राष्ट्रीय स्मारक प्राधिकरण त्याच्या परिणामाचा विचार करते. त्या पट्ट्याबाहेर प्राधिकरणाचा हात पोहोचत नाही. नागरिकावर मूलभूत अधिकाराच्या बाहेरचा कोणताही भार टाकायचा तर त्याला कायद्याचा आधार हवा, नुसते परिपत्रक पुरत नाही. म्हणूनच एखाद्या कार्यालयाने अशी अट स्वतःहून घातली, तर ती न्यायालयात टिकवणे कठीण.

जमीनमालकाने घाबरावे का?

कोकणात कातळशिल्पांची माहिती लपवण्याकडे काही जमीनमालकांचा कल का असतो, याचे उत्तर या प्रश्नात आहे. सडा बहुतांशी खासगी मालकीचा. त्यावर चिरेखाण निघते, सुरुंग लावून खड्डे पाडून कलमे लावता येतात, रस्त्यालगत असेल तर प्लॉट पडतात. शिल्प सापडले की जमीन सरकारजमा होणार, सातबाऱ्यावर शेरा येणार, ही भीती बोलून दाखवली जाते.

कायदा पाहिला तर ही भीती पूर्ण खरी नाही आणि पूर्ण खोटीही नाही. शिल्प सापडल्याने मालकी आपोआप जात नाही. संरक्षित जाहीर झालेल्या क्षेत्रातही मालकी मालकाकडेच राहू शकते. मात्र तिथे बांधकाम, खाणकाम, सुरुंग, उत्खनन यांवर बंदी येते. शेतीला मुभा आहे, पण फूटभरापेक्षा खोल माती उकरायची नाही, असा कायद्याचा हेतू. (हेतू म्हणायचे कारण असे की मूळ इंग्रजी परंतुकात एक नकार जास्त पडला आहे. शब्दशः वाचल्यास अर्थ उलटा होतो. कायदा साठीत पोहोचला तरी ती चूक तशीच राहिली.) आंब्याच्या कलमासाठी कातळात खड्डा मारावा लागतो, तो फुटात मावत नाही. चिरेखाणीचा तर प्रश्नच नाही. त्यामुळे मालकी राहिली तरी उत्पन्नाची वाट बंद होऊ शकते, ही भीती खरी आहे.

त्यावर कायद्याने दिलेला उतारा म्हणजे कलम २७ ची नुकसानभरपाई. जमिनीत प्रवेश केल्यामुळे, उत्खननामुळे किंवा या कायद्याखालचा अन्य अधिकार वापरल्यामुळे मालकाचे किंवा कब्जेदाराचे नुकसान झाले, उत्पन्न घटले, तर केंद्र सरकारने भरपाई द्यायची आहे. संविधानाच्या अनुच्छेद ३००-अ नुसार कायद्याच्या आधाराविना कुणाचीही मालमत्ता हिरावता येत नाही, तेही आहेच. पण भरपाईचे कलम आहे हे किती शेतकऱ्यांना माहीत असते? आणि माहीत असले तरी ती मागण्यासाठी राजापूरहून कुठल्या कार्यालयात खेटे घालायचे?

अनपेक्षितपणे जमिनीतून काही निघाले तर मात्र कायदा जुना आणि स्पष्ट आहे. १८७८ च्या भूमिगत धन कायद्यानुसार दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीची जमिनीत दडलेली वस्तू सापडली, तर सापडणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवले पाहिजे. न कळवल्यास कैदेची तरतूद आहे. दहा रुपयांची ही मर्यादा राणीच्या काळातली आहे. आज त्यात नाण्याचा हंडा काय, फुटका रांजणही बसेल. मात्र हे बंधन सापडल्यानंतरचे आहे. शोधण्याचे बंधन इथेही नाही.

पर्यावरण मंजुरीत हा मुद्दा येत नाही का?

येतो, पण पुन्हा यादीच्याच दाराने. १४ सप्टेंबर २००६ च्या पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचनेतील अर्जात प्रकल्पापासून १५ किलोमीटरच्या परिसरातील संवेदनशील जागांची माहिती द्यावी लागते. त्यात आंतरराष्ट्रीय करार किंवा राष्ट्रीय वा स्थानिक कायद्यांनुसार निसर्ग, भूदृश्य किंवा सांस्कृतिक मूल्यासाठी ‘संरक्षित’ असलेल्या क्षेत्रांचा रकाना आहे. जे संरक्षितच नाही, त्यासाठी त्या रकान्यात ‘नाही’ असे लिहिले तर लिहिणारा खोटे बोलत नाही. तज्ज्ञ समिती एखाद्या प्रकल्पाला जास्तीची अट घालू शकते. तसे करायचे की नाही, हे समितीच्या दृष्टीवर आणि जनसुनावणीत कुणी मुद्दा मांडला का, यावर अवलंबून राहते. शिवाय असंख्य कामांना ही मंजुरीच लागत नाही. चिऱ्याची छोटी खाण, गावाचा रस्ता, बंगल्यांची वसाहत यांतून जेवढा कातळ तुटतो, तेवढा एखाद्या मोठ्या प्रकल्पातूनही तुटत नसेल.

मोठ्या धरणांच्या बाबतीत मात्र सरकारने पूर्वी स्वतःहून पुढाकार घेतला आहे. नागार्जुनसागर धरणाच्या पाण्याखाली नागार्जुनकोंडाचे खोरे जाणार होते. तेव्हा केंद्रीय पुरातत्त्व खात्याने १९५४ ते १९६० या काळात तिथे मोठे उत्खनन केले आणि महत्त्वाचे अवशेष उंच टेकडीवर हलवले. आज ती टेकडी बेट झाली आहे आणि तिथे संग्रहालय आहे. त्या वेळीही कायद्याने सक्ती केली नव्हती. राजकीय इच्छा होती आणि पैसा दिला गेला.

न्यायालय सर्वेक्षणाचा आदेश देऊ शकते का?

आतापर्यंतची चर्चा बांधकामापूर्वीच्या सर्वेक्षणाची झाली. पण गेल्या काही वर्षांत ‘पुरातत्त्व सर्वेक्षण’ हे शब्द वाचकाने सर्वाधिक ऐकले ते दिवाणी दाव्यांमुळे. तिथला कायदा वेगळा आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २६ नुसार न्यायालय स्थानिक पाहणीसाठी किंवा शास्त्रीय तपासासाठी आयुक्त नेमू शकते. पुरावा समजून घेण्यासाठीची ही मदत आहे. स्वतः पुरावा नसलेल्या पक्षाला तो शोधून देण्यासाठी ती नाही, हे न्यायालये वारंवार सांगत आली आहेत.

अयोध्येच्या दाव्यात अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या लखनौ खंडपीठाने मार्च २००३ मध्ये उत्खननाचा आदेश दिला होता. त्याचा अहवाल सर्वोच्च न्यायालयाने ९ नोव्हेंबर २०१९ च्या निकालात पुरावा म्हणून विचारात घेतला. पण त्याच निकालात न्यायालयाने हेही स्पष्ट केले की, पुरातत्त्वीय निष्कर्षांवरून जमिनीची मालकी ठरवता येत नाही. जमिनीखाली जुन्या बांधकामाचे अवशेष आहेत हे सिद्ध झाले, तरी आजचा मालक कोण हे दिवाणी कायद्यानेच ठरते. सर्वेक्षणाच्या बातम्यांत हे वाक्य सहसा हरवते.

ज्ञानवापी प्रकरणात वाराणसीच्या जिल्हा न्यायाधीशांनी २१ जुलै २०२३ रोजी शास्त्रीय सर्वेक्षणाचा आदेश दिला. उच्च न्यायालयाने तो कायम ठेवला आणि ४ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती नाकारली. मात्र खोदकाम करायचे नाही, वास्तूला धक्का लावायचा नाही, असे बंधन घातले. धारच्या भोजशाळेबाबत मध्य प्रदेश उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठाने मार्च २०२४ मध्ये सर्वेक्षणाचा आदेश दिला. १ एप्रिलला सर्वोच्च न्यायालयाने सर्वेक्षण थांबवले नाही, पण वास्तूचे स्वरूप बदलेल असे खोदकाम करू नये आणि निष्कर्षांवर आपल्या परवानगीशिवाय कारवाई होऊ नये, असे सांगितले. पाहा, पण खणू नका आणि पाहून लगेच काही करू नका, असा या दोन्ही आदेशांचा अर्थ.

या साऱ्यांवर सावली आहे ती प्रार्थनास्थळे (विशेष तरतुदी) अधिनियम, १९९१ ची. १५ ऑगस्ट १९४७ रोजी प्रार्थनास्थळाचे जे धार्मिक स्वरूप होते ते कायम राहील आणि ते बदलण्यासाठीचे दावे चालणार नाहीत, असे हा कायदा म्हणतो. अयोध्येचा वाद त्यातून वगळला होता. १९५८ च्या कायद्याखालची प्राचीन स्मारकेही वगळली आहेत. भोजशाळा केंद्र संरक्षित आहे, त्यामुळे तिथला युक्तिवाद ज्ञानवापीपेक्षा वेगळ्या वाटेने जातो. इतर ठिकाणी खरा प्रश्न असा की, स्वरूप बदलता येत नसेल तर ते स्वरूप काय आहे हे तपासण्यासाठी सर्वेक्षण करता येईल का?

नोव्हेंबर २०२४ मध्ये उत्तर प्रदेशातील संभल येथे न्यायालयाने नेमलेल्या आयुक्ताच्या पाहणीनंतर हिंसाचार झाला, त्यात माणसे मेली. १२ डिसेंबर २०२४ रोजी तत्कालीन सरन्यायाधीश संजीव खन्ना यांच्या अध्यक्षतेखालील सर्वोच्च न्यायालयाच्या पीठाने अंतरिम आदेश दिला. त्यानुसार १९९१ च्या कायद्याच्या वैधतेची सुनावणी सुरू असेपर्यंत प्रार्थनास्थळांबाबत नवे दावे नोंदवायचे नाहीत आणि प्रलंबित दाव्यांत सर्वेक्षणासह कोणतेही परिणामकारक आदेश द्यायचे नाहीत. सर्वेक्षण हे निरुपद्रवी ‘नुसते पाहणे’ नसते, नुसत्या पाहण्यानेही हक्कांवर आणि शांततेवर परिणाम होतो, हे या आदेशाने मान्य केले.

एक विसंगती इथे डोळ्यांत भरते. जिथे वाद मालकीचा आणि भावनांचा आहे तिथे सर्वेक्षणाची मागणी सर्वांत जोरात होते. जिथे अवशेष कायमचे नष्ट होणार आहेत तिथे ती मागायला कुणी न्यायालयात जात नाही आणि गेले तरी त्याच्या हातात कलम नसते.

इतर देश काय करतात?

इंग्लंडमध्ये १९९० च्या नियोजन मार्गदर्शक सूचनेपासून विकासकानेच आधी पुरातत्त्वीय मूल्यमापन करायचे, ही पद्धत रुळली. फ्रान्सने २००१ मध्ये प्रतिबंधात्मक पुरातत्त्वाचा स्वतंत्र कायदा केला आणि खर्चाचा भार विकासकांवर टाकला.

अमेरिकेचे उदाहरण सक्तीच्या मर्यादांसाठी जास्त बोलके आहे. तिथल्या १९६६ च्या राष्ट्रीय ऐतिहासिक जतन कायद्यातील कलम १०६ नुसार ज्या कामात केंद्र सरकारचा पैसा, परवाना किंवा सहभाग आहे, त्या कामाचा ऐतिहासिक ठिकाणांवरील परिणाम आधी पाहावा लागतो. निव्वळ खासगी जमिनीवरचे निव्वळ खासगी काम त्यातून सुटते. राज्ये आणि शहरे स्वतःचे नियम करतात, पण परवानगीच्या बदल्यात मालकावर अट घालायची तर ती अट प्रकल्पाच्या परिणामाशी जोडलेली आणि प्रमाणात असली पाहिजे, असे तिथले सर्वोच्च न्यायालय १९८७ पासून सांगत आले आहे. ही कसोटी कायदेमंडळाने सरसकट घातलेल्या अटींनाही लागू होते, असे एप्रिल २०२४ मध्ये त्याने एकमताने ठरवले. कॅलिफोर्नियाने तर आकडाच लिहून ठेवला आहे. व्यापारी किंवा औद्योगिक प्रकल्पाच्या जागेतील महत्त्वाचे पुरातत्त्वीय अवशेष वाचवण्यासाठीची खर्चाची सक्ती प्रकल्पखर्चाच्या अर्ध्या टक्क्याच्या पुढे नेता येत नाही. एका घरासाठी ही मर्यादा पाऊण टक्का.

भारताला जवळचा वाटावा असा मार्ग जपानचा आहे. १९५० च्या सांस्कृतिक संपदा कायद्यानुसार ‘ज्ञात’ भूमिगत स्थळांच्या जागी बांधकाम करायचे तर ६० दिवस आधी कळवावे लागते. अशी सुमारे ४ लाख ६० हजार स्थळे तिथे नकाशावर मांडलेली आहेत. प्रत्येक स्थळ संरक्षित स्मारक नाही, बांधकामावर सरसकट बंदीही नाही. पण नकाशावर ठिपका असल्यामुळे आधी कळवण्याचे बंधन येते. मालकालाही जमीन घेतानाच माहीत असते की इथे काय आहे.

महाराष्ट्राला स्वतःचा कायदा करता येईल का?

येईल. संविधानाच्या सातव्या अनुसूचीत राष्ट्रीय महत्त्वाची स्मारके आणि स्थळे केंद्राच्या सूचीत आहेत, इतर स्मारके राज्य सूचीत आहेत, आणि इतर पुरातत्त्वीय स्थळे व अवशेष समवर्ती सूचीत नोंद ४० मध्ये आहेत. म्हणजे असंरक्षित स्थळांबाबत राज्य विधिमंडळ कायदा करू शकते. केंद्रीय कायद्याशी विसंगती आल्यास राष्ट्रपतींची संमती लागेल.

एक अडथळा मात्र ठरलेला आहे. १९५८ च्या कायद्याच्या कलम २४ नुसार असंरक्षित क्षेत्रातही राज्य सरकारला केंद्राच्या पूर्वपरवानगीशिवाय पुरातत्त्वीय उत्खनन करता येत नाही. तमिळनाडूतील कीळडीच्या उत्खननावरून केंद्र आणि राज्य यांच्यात जो वाद रंगला, त्याच्या मुळाशी परवाना कुणाच्या हातात आहे हा प्रश्नही होता. पण जमिनीवर चालत जाऊन कातळावरच्या आकृती मोजणे, छायाचित्रे काढणे, गट क्रमांकासह नकाशावर नोंदवणे म्हणजे उत्खनन नव्हे. त्यासाठी दिल्लीची वाट पाहावी लागत नाही. प्रादेशिक नगररचना कायद्यानेही विकास आराखड्यात ऐतिहासिक महत्त्वाच्या जागा दाखवण्याची सोय १९६६ पासून दिली आहे. तिचा वापर झाला तो मुख्यतः शहरांतील इमारतींसाठी.

केंद्राच्या पातळीवर वारा उलट दिशेने वाहिलेला दिसतो. केंद्र सरकारच्या सार्वजनिक कामांना १०० मीटरच्या पट्ट्यातही मुभा देणारे दुरुस्ती विधेयक लोकसभेने जानेवारी २०१८ मध्ये मंजूर केले होते. राज्यसभेने ते निवड समितीकडे पाठवले आणि सोळाव्या लोकसभेबरोबर ते बारगळले. यादीत असलेल्यांची स्थितीही फार भरवशाची नाही. महालेखापरीक्षकांनी २०१३ च्या अहवालासाठी १,६५५ केंद्र संरक्षित स्मारकांची प्रत्यक्ष पाहणी केली, तेव्हा ९२ स्मारके जागेवर सापडलीच नाहीत. त्यांपैकी काहींचा माग पुढे लागला, पण ज्यांची नोंद राजपत्रात आहे त्यांची ही गत असेल, तर नोंदच नसलेल्यांचा हिशेब कुणी ठेवायचा?

कोकणात तो हिशेब आतापर्यंत ठेवला आहे तो बव्हंशी रत्नागिरीचे सुधीर रिसबूड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. सुट्टीच्या दिवशी सडे पालथे घालत, गुराख्यांना विचारत, मालकांची समजूत काढत त्यांनी ठिकाणे नोंदवली. राज्याचे पुरातत्त्व संचालनालय त्यानंतर सोबत आले. बारसूचे नाव युनेस्कोच्या यादीपर्यंत पोहोचले त्यामागे हे काम आहे. तिथे यंत्रे आली तेव्हा आक्षेप घेता आला, कारण शिल्पे आधीच मोजून ठेवलेली होती. ज्या सड्यांवर अजून कुणी गेलेले नाही, तिथे चिरेखाणीचा परवाना मागणाऱ्याला आज कायद्याने एकही प्रश्न विचारला जात नाही.